राडारोड्याचा माग

बेकायदा कचरा कुठं पडणार, हे मुरलेल्या आरोग्य निरीक्षकाला नकाशा न बघता सांगता येतं. दोन प्रभागांची हद्द जिथं मिळते तिथं. ओढ्यावरच्या पुलाच्या कडेला. विजेच्या डीपीमागं. वाटणीच्या वादात वर्षानुवर्षं अडकलेल्या मोकळ्या प्लॉटवर. दिवा बंद असलेल्या खांबाखाली. पुण्यात अशा जागेला आरोग्य कोठीवरचे, म्हणजे महापालिकेच्या सफाईच्या स्थानिक कार्यालयातले, सगळे 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. आरोग्य कोठीवर सकाळची हजेरी होते तेव्हा मुकादमाच्या तोंडून पहिली बातमी बहुधा अशाच जागेची येते. "मॅडम, पुलाजवळ रात्री परत गाडी रिकामी झालीये."

या मॅडम सिंहगड रस्त्याच्या बाजूला, मुठा नदी आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या आसपास बरीच वर्षं आरोग्य निरीक्षक म्हणून काम करत आल्या आहेत. नाव छापू नका, काम कोठीवरच्या सगळ्यांचं आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा इथंही त्या मॅडमच राहतील.

हद्दीवरचा ढीग सगळ्यात चिवट, हे त्या पहिल्यांदा सांगतात. अलीकडचा मुकादम म्हणतो तो पलीकडच्यांचा, पलीकडचा म्हणतो तो अलीकडच्यांचा. दोघंही खोटं बोलत नाहीत, कारण रस्त्याच्या मधोमध जाणारी ती रेघ कागदावर असते, डांबरावर नसते. टाकणाऱ्यांना मात्र ती अचूक माहीत असते. ढीग दोन दिवस उचलला जात नाही हे दिसलं की तिसऱ्या दिवशी तो दुप्पट होतो. मॅडमनी शेजारच्या निरीक्षकांना सोबत घेऊन हद्दीवरून एकदा पायी चक्कर मारली आणि विजेच्या खांबांचे नंबर वाटून घेतले. या खांबापासून त्या खांबापर्यंत तुमचं, तिथून पुढं आमचं. कुठलीही फाइल फिरली नाही. उचलण्यातली चालढकल मात्र थांबली, आणि तिथून पुढं टाकणाऱ्यांचा शोध घ्यायला सवड मिळाली.

ढीग वाचता आला पाहिजे, असं त्या नव्या मुकादमांना शिकवतात. हातमोजे घालून, चिमट्यानं, घाई न करता. घरगुती कचऱ्याच्या पिशवीत कुरिअरचं पाकीट सापडतं, औषधाची चिठ्ठी सापडते, वीजबिल सापडतं. ऑनलाइन खरेदीच्या खोक्यांवर तर नाव-पत्ता छापलेलाच असतो. त्या पत्त्यावर जाऊन पावती फाडता येते आणि त्यांनी ती फाडलीही आहे. पण एका कागदावर कुणालाही दोषी धरायचं नाही, हा त्यांचा दंडक. खोकं भंगारात जातं, तिथून आणखी कुठं जातं. पत्ता ज्याचा, टाकणारा तोच असेल असं नाही. एकाच पत्त्याचे दोन-तीन कागद, जागेवर काढलेला तारीख-वेळेचा फोटो आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा एवढं हातात असलं की मग दार वाजवायचं. दार उघडणारा माणूस बहुतेक वेळा चिडत नाही, ओशाळतो. आणि मग जे कारण सांगतो ते ऐकण्यासारखं असतं.

एका वसाहतीच्या कोपऱ्यावरचा ढीग असाच कारणांमधून सुटला. फलक लावून झाले होते, दंडाची धमकी देऊन झाली होती. मॅडम आणि मुकादम पहाटे आणि रात्री उशिरा तिथं उभं राहून नुसतं बघायला लागले. सकाळी कामावर लवकर निघणारी माणसं पिशवी घेऊन बाहेर पडत होती, कारण कचरा न्यायला येणाऱ्या ताई त्यांच्या इमारतीत नऊनंतर पोचायच्या. भाड्यानं राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांना दिवसभर कुलूप. आणि रात्री दहानंतर शटर ओढणारे दुकानदार, ज्यांना कचरा घेणारं त्या वेळी कुणीच नव्हतं. तिघांची कारणं वेगळी, ढीग एकच.

पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याची घडी मोठ्या प्रमाणात कचरावेचक स्त्रियांनी बसवली आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था आली. आपल्या भागातल्या घरांच्या वेळा या ताईंना मॅडमपेक्षा नेमक्या माहीत होत्या. त्यांच्याशीच बसून बोलणं झालं. सकाळच्या माणसांसाठी घंटागाडी लवकर येऊन त्याच कोपऱ्यावर थोडा वेळ थांबू लागली. भाड्याच्या खोल्यांसाठी इमारतीच्या आत झाकणाचे डबे ठेवले गेले. दुकानांसाठी रात्रीची फेरी सुरू झाली. सोय झाल्यावरच तिथं माणूस उभा केला, आणि तरीही टाकणाऱ्याला दंड केला. हा क्रम त्यांना फार महत्त्वाचा वाटतो. सोय नसताना दंड केला, तर माणूस पिशवी टाकायला पुढचा कोपरा शोधतो.

भिंतीवर देवाच्या चित्रांच्या फरशा बसवण्याचा उपाय मात्र त्यांना मनापासून नापसंत आहे. अनेक ठिकाणी तो हौसेनं केला जातो. ढीग वीस पावलं सरकतो एवढंच होतं, आणि देवाचं चित्र कचऱ्याच्या शेजारी ऊन-पाऊस खात राहतं. त्यापेक्षा खांबावरचा दिवा दुरुस्त करून घ्या, असं मॅडम मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगतात. उजेडात टाकायला माणूस कचरतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलंय.

घरगुती कचऱ्याचं गणित असं मांडता येतं. राडारोड्याचं वेगळं आहे, आणि त्यांच्या नोकरीतल्या रात्री त्यानंच खाल्ल्या आहेत.

जुनी इमारत पाडली, बंगला पाडला, एखाद्या फ्लॅटचं न्हाणीघर फोडलं की विटांचे तुकडे, प्लास्टर, फुटक्या फरश्या, जुनी कमोडं, माती असा ऐवज निघतो. तो ओल्या कचऱ्यात चालत नाही, सुक्यात चालत नाही, घंटागाडीत घेत नाहीत. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. तिथं तो दळून त्यातून वाळू-खडीसारखा माल आणि फरसबंदीचे ब्लॉक बनवता येतात. पण सिंहगड रस्त्यावरून वाघोली म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. डंपरवाल्याला खेपेवर पैसे मिळतात. डिझेल, दिवसा अवजड वाहनांना असलेली बंदी, वाहतुकीत जाणारा वेळ हे सगळं त्याच्या पदरातून जातं. नदी पाच मिनिटांवर असते आणि रात्री दोन वाजता तिथं कुणी नसतं.

त्यात आणखी एक बाजू आहे, आणि मॅडमच्या मते तीच मुख्य. राडारोडा हवा असणारेही असतात. सखल जमिनीला भराव हवा असतो. ओढ्याकाठचा प्लॉट थोडा पुढं सरकवायचा असतो. नदीपात्रातली जागा हळूहळू वर उचलून तिथं गाड्या लावायच्या असतात, शेड टाकायची असते, कार्यालयाचं लॉन करायचं असतं. 'भराव टाकून मिळेल' अशा पाट्या शहराच्या कडेला सर्रास दिसतात. कायदेशीर जमिनीत, परवानगी घेऊन भराव घालणं वेगळं. पण रात्रीच्या गाड्या जेव्हा एकाच जागी पुन्हा पुन्हा रिकाम्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी येऊन तो माल सपाट करतो, तेव्हा ते कचरा टाकणं राहत नाही. ती जमीन तयार करणं असतं. मग तिथं फक्त डंपरच्या चालकाला पकडून काही उपयोग होत नाही; जेसीबी कुणी बोलावला ते शोधावं लागतं.

नदीला दोन रेषा आखलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतली जागा पाण्याची आहे. विठ्ठलवाडी ते वारजे या नदीकाठच्या रस्त्यासाठी निळ्या रेषेत टाकलेल्या भरावाविरुद्ध नागरिक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०१३ मध्ये त्यांच्या बाजूनं आदेश मिळाला. ओढ्यांची गोष्ट तर त्याहून वाईट, कारण ते अरुंद असतात आणि थोड्या भरावानंही त्यांचा गळा आवळला जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा फुगला, भिंती पडल्या, वस्त्यांत पाणी शिरलं. शहरात आणि परिसरात त्या रात्रीच्या पावसानं वीसहून अधिक माणसं नेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुटला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी घुसलं. पाऊस आणि विसर्ग ही कारणं होतीच. पण पाण्याला पसरायला जागा किती उरली होती, हा प्रश्न त्यानंतर चिखल काढणाऱ्या प्रत्येक माणसाला पडला. मॅडम आणि त्यांचे कामगार त्या चिखलात उभे होते. पुरानंतर उपसलेल्या गाळात फरश्यांचे तुकडे आणि सिमेंटचे गठ्ठे हाताला लागत होते, हे त्या आजही शांतपणे सांगू शकत नाहीत.

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत हाच प्रकार खाडीकाठच्या कांदळवनांत होतो. तिकडं राडारोड्याला डेब्रिज म्हणतात. रात्री डंपर कांदळवनाच्या कडेला रिकामे होतात, भरतीचं पाणी अडतं, झाडं उभ्या उभ्या वाळतात आणि काही वर्षांनी तिथं 'मोकळी जमीन' दिसू लागते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली. २०१८ च्या निकालात तर कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असं म्हटलं आणि भोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०१२ पासून वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. नवी मुंबई महापालिकेनं डेब्रिजसाठी वेगळं भरारी पथक ठेवलं. एवढा बंदोबस्त असूनही गाड्या येतात, यावरून त्या जमिनीची किंमत कळावी.

पुण्यातल्या भरारी पथकाबरोबरची एक रात्र मॅडम नेहमी सांगतात. दिवे बंद करून गाडी आडोशाला उभी केली होती. डंपर आला, पात्राच्या कडेला मागं लागला, ट्रॉली उचलली. पथकानं पुढून वाट अडवली. चालक म्हणजे विशीतला मुलगा, घाबरून हातपाय कापत होते. इतर वेळी इथं आरडाओरडा होतो. मॅडमनी त्याला विचारलं, "दादा, माल कुठल्या साइटचा?" त्यानं सांगितलं. त्या रात्री गाडी जप्त झाली, पण खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झालं. मॅडम त्या साइटवर गेल्या. पुनर्विकासासाठी जुनी इमारत पाडणं चालू होतं. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, मी गाडीवाल्याला पैसे दिलेत. तो कुठं टाकतो ते मला काय माहीत?"

हे उत्तर त्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्यावरचा इलाज हीच त्यांची कामाची पद्धत झाली. केंद्र सरकारनं मार्च २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम आणले. त्यांत जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर ठेवली. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन वा त्याहून जास्त राडारोडा होणार असेल, तर काम सुरू होण्याआधी त्याच्या विल्हेवाटीची योजना मंजूर करून घ्यायची, वर्गीकरण करायचं, वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च द्यायचा. एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर हा भार आणखी वाढवला. म्हणजे 'मला काय माहीत' हे उत्तर नियमात बसत नाही. माहीत असणं हेच त्याचं काम.

म्हणून मॅडम ढिगाची वाट बघत थांबत नाहीत. भागात कुठं पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, हिरवी जाळी लागली, गच्चीवरचं पत्र्याचं छप्पर उतरू लागलं की त्या पहिल्याच दिवशी तिथं जातात. किती ब्रास निघणार? गाड्या कुणाच्या? टाकणार कुठं? आणि प्रक्रिया केंद्रावरची पावती दर आठवड्याला दाखवायची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. इमारतीचा आकार बघून अंदाज बांधता येतो, आणि पावत्यांची बेरीज त्या अंदाजाच्या जवळपासही गेली नाही तर बाकीचा माल कुठं गेला हे विचारता येतं. यात पाठलाग नाही, जप्ती नाही, बातमीत छापून येण्यासारखं काही नाही. पण ज्या साइटवर पहिल्या दिवशी हे विचारलं गेलं, तिथल्या गाड्या नदीकडे वळण्याचं प्रमाण त्यांच्या अनुभवात फारच कमी.

लहान कामांना ही युक्ती लागू पडत नाही. एका फ्लॅटच्या दुरुस्तीची कुणाला खबर असते? मॅडमना याचं उत्तर फरशीच्या दुकानात सापडलं. घरात काम काढणारा माणूस महापालिकेत येत नसेल, पण फरशी घ्यायला दुकानात जातोच. त्यांनी भागातल्या फरशी आणि नळजोडणीच्या सामानाच्या दुकानदारांना गाठलं. "शेठ, नवी फरशी विकताना जुनी कुठं द्यायची तेही सांगा," एवढीच विनंती. काउंटरवर राडारोड्याच्या संकलन केंद्राचा पत्ता आणि कोठीचा नंबर असलेला कागद चिकटवला. सोसायट्यांच्या रखवालदार काकांनाही सांगितलं: गोण्या फाटकाबाहेर जाताना टेम्पोचा नंबर वहीत लिहा. सोसायटीची वही असते, पेन असतं, काका जागे असतात. तीन-चार छोट्या टेम्पोंचे नंबर त्या वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि भागातला फुटकळ राडारोडा कोण वाहतं हे उघड झालं. त्यांतल्या दोघांनी पुढं गोण्या रीतसर केंद्रावर न्यायला सुरुवात केली, कारण आता गिऱ्हाईकच पावती मागत होतं.

दंडाविषयी मॅडमचं मत सरळ आहे. सार्वजनिक जागी घाण करणाऱ्याला राज्य शासनाच्या दरानुसार त्यांनी १८० रुपयांच्या पावत्या फाडल्या. पिशवी टाकणाऱ्याला त्याची लाज वाटते. पैशापेक्षा चारचौघांत पावती फाटली याची. डंपरवाल्याला या रकमेचं काही वाटत नाही. त्याला टोचते ती जप्ती. गाडी उभी राहिली की रोजची कमाई बुडते, हप्ता चुकतो, मालक फोनवर फोन करतो. ढीग पेटवून देण्याच्या बाबतीत हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये अशी रक्कम ठरवून दिली, आणि ती रक्कम ऐकून माणसं खरंच थबकतात. पर्यावरण संरक्षण कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद एप्रिल २०२४ पासून बहुतांशी गेली; तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. मोठा आकडा कागदावर असणं आणि तो वसूल होणं यांत अंतर आहे. ते अंतर कमी करायचं तर प्रकरण पुराव्यानिशी उभं राहायला हवं, आणि पुरावा बहुतेक वेळा रस्त्यावरच्या माणसाकडेच असतो.

इथं तक्रारीचा विषय येतो. मॅडमकडे येणाऱ्या तक्रारींतल्या खूपशा अशा: 'सगळीकडे घाण झालीय, लक्ष द्या.' लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, पण तिच्यावर काही करता येत नाही. याउलट त्यांच्या भागात एक निवृत्त शिक्षक आहेत. झोप कमी, बाल्कनी ओढ्याकडे. ते वहीत लिहितात: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, आली कुठून, गेली कुठं, रिकामी झाली का. शेरा काही नाही. त्या वहीच्या दोन पानांवरून परिवहन खात्याच्या नोंदीतून गाड्यांचे मालक सापडले, मालकांकडून साइट सापडल्या. सरांनी कधीही खाली उतरून गाडी अडवली नाही, आणि मॅडमनी त्यांना तसं बजावूनच ठेवलं आहे. रात्री एकट्यानं डंपरसमोर जायचं नाही. दगड मारायचे नाहीत. पाठलाग करायचा नाही. लांबून नंबर दिसला तरी पुरे. फोटो काढलात तर त्यात विजेचा खांब, पुलाचा कठडा, दुकानाची पाटी असं हलणार नाही असं काहीतरी येऊ द्या, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. आणि तो फोटो आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर गेलेला फोटो गाडीवाल्यालाही पोचतो. शिवाय तक्रार झाली असं वाटून सगळे निवांत होतात आणि कार्यालयात एकही अर्ज येत नाही.

कुठं तक्रार करायची हेही ठाऊक हवं. रस्त्यावरचा आणि मोकळ्या जागेतला कचरा म्हणजे महापालिकेचं ॲप किंवा क्षेत्रीय कार्यालय. नदीपात्रातला भराव असेल तर महापालिकेबरोबर जलसंपदा विभाग आणि तहसीलदार. टेकडीवर वन विभाग, खाडीकाठी कांदळवन कक्ष. कारखान्याचा किंवा दवाखान्याचा कचरा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. तक्रारीचा टोकन नंबर जपून ठेवायचा, दाद लागली नाही तर त्याच नंबरानं माहिती अधिकारात विचारायचं. आणखी एक दार आहे, जे फारसं कुणी ठोठावत नाही: सार्वजनिक उपद्रवाबद्दल कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी याच तरतुदीवर आपल्या नगरपालिकेला गटारं आणि घाण यांबद्दल जबाबदार धरलं होतं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब मानली नाही.

दवाखान्याचा कचरा सापडला की मॅडमचा आवाज बदलतो. २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा रंगांत वेगळा ठेवायचा असतो, आणि पिशव्यांवर बारकोड हवा. बारकोड असेल तर ती पिशवी कुठल्या दवाखान्यातून निघाली हे काही वेळात कळतं. एकदा ओढ्याकाठी सलाइनच्या बाटल्या, नळ्या आणि सुया भरलेल्या साध्या काळ्या पिशव्या सापडल्या. बारकोड अर्थातच नव्हता. पण औषधांच्या खोक्यांवरचे बॅच नंबर होते. त्यांवरून औषध विक्रेता आणि विक्रेत्याच्या बिलांवरून एक दवाखाना सापडला. प्रकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेलं. तोवर त्या पिशव्या ज्या ताईंनी उचलल्या त्यांच्या बोटात सुई शिरली होती. पुढचे काही महिने त्या रक्ततपासणीच्या निकालांची वाट बघत होत्या. निकाल चांगले आले. मॅडम म्हणतात, त्या महिन्यांची नुकसानभरपाई कुठल्या पावतीत बसते ते मला सांगा.

रसायनाच्या बाबतीत तर धाडस करूच नये. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरच्या वालधुनीत टँकरमधून सोडलेल्या रसायनामुळं शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकर नाल्यात रिकामा होत असताना निघालेल्या वायूनं सहा कामगारांचा जीव गेला, आणि पोलीस तपासाचा धागा महाराष्ट्रातल्या कारखान्यापर्यंत आला. रात्री नाल्यावर टँकर उभा दिसला, उग्र वास आला, डोळे चुरचुरले तर बघायला पुढं जायचं नाही. वाऱ्याच्या उलट्या बाजूला लांब व्हायचं, मुलाबाळांना हलवायचं आणि ११२ ला फोन करायचा.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या गावकऱ्यांचा उल्लेख मॅडमच्या बोलण्यात वरचेवर येतो. तिथल्या १६३ एकरांच्या डेपोवर पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर पडला, विहिरी बिघडल्या, गावं रस्त्यावर उतरली. २०१४ च्या ऑगस्टात डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कोपऱ्या-कोपऱ्यावर ढीग दिसू लागले. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपली पिशवी कुठंतरी जात होती आणि तिथं माणसं राहत होती. रात्री नदीत रिकाम्या होणाऱ्या डंपरचंही तेच आहे. तो माल कुणाच्या तरी घरातून निघालेला असतो: नवी फरशी, नवं स्वयंपाकघर, नवी खोली. त्या घरात राहणाऱ्याला ढीग दिसत नाही, म्हणून तो आपला वाटत नाही.

म्हणून मॅडमचं सांगणं साइटवाल्यांपेक्षा तुम्हाआम्हाला जास्त आहे. यंदा घराचं काम काढणार असाल तर ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात राडारोड्याची वाहतूक आणि विल्हेवाट ही ओळ वेगळी लिहून घ्या. ती ओळ गाळून कुणी स्वस्त दर सांगत असेल, तर उरलेले पैसे नदी भरते आहे हे लक्षात घ्या. पहिली गोणी खाली उतरण्याआधी गाडीचा नंबर आणि केंद्राचा पत्ता विचारा. सोसायटीच्या पुढच्या सभेत पावतीशिवाय दुरुस्तीचं काम पूर्ण धरायचं नाही, असा ठराव मांडा. आणि शेवटचा हप्ता संकलन केंद्राची पावती हातात पडल्यावरच द्या.